पडेल ते दान

दिवाळीच्या पाडव्याला आपण काय करतो? ओवाळणी, नवी खरेदी, मंडळाच्या कार्यक्रमाची धावपळ आणि इंडियातून आलेल्या चकल्यांचा शेवटचा डबा. पण कार्तिक शुद्ध प्रतिपदेला 'द्यूतप्रतिपदा' असंही एक नाव आहे, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ब्रह्मपुराणात कथा आहे की, या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले आणि पार्वती जिंकली. म्हणून त्या दिवशी सकाळी द्यूत खेळावं. जो जिंकेल त्याचं वर्ष सुखाचं, जो हरेल त्याचं उलट. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याची नोंद केली आहे. म्हणजे हा नुसता जुगार नव्हता, वर्ष कसं जाईल हे विचारायची ती रीत होती. वेरूळला गेलात तर १४, २१ आणि २९ या क्रमांकांच्या लेण्यांत हे जोडपं फासे खेळताना दिसेल.

मी काही इतिहासाचा माणूस नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, क्लायंटच्या डेटाबेसमध्ये डोकं घालणं हा माझा धंदा. या विषयात शिरलो तो एका भांडणातून. आमचं सिंधुदुर्गात जुनं घर आहे. ते विकावं असं बाबांच्या मनात, ठेवावं असं काकांच्या मनात. मी इथे इंग्लंडमध्ये बसून एक्सेल शीट पाठवायचो: डागडुजीचा खर्च इतका, बँकेत ठेवलं तर व्याज इतकं. दोन वर्षं हे चाललं. मग एके दिवशी काकांचा फोन आला, "झिला, देवान उजवो कौल दिल्यान. इषय संपलो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवळांत देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे प्रश्न मोठ्याने मांडतो, आणि मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला पाण्याने पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काकांनी "घर ठेवूचा काय?" असं विचारलं होतं. मी फोनवर वाटेल ते बोललो. लाखो रुपयांचा निर्णय दोन ओल्या पाकळ्यांवर? बाबा लाइनवर होते, ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतर आठ दिवस माझ्याशीही बोलले नाहीत.

त्या आठ दिवसांत, थोडं रागाने आणि थोडं अपराधी वाटून, मी वाचायला लागलो. माणसं प्रश्न हवेत फेकून उत्तराची वाट कधीपासून बघतात? सुरुवात झाली ती हाडापासून.

मेंढीच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक छोटं हाड असतं, सुपारीपेक्षा जरा मोठं. एका जनावरात अशी फक्त दोन. ते टाकलं की चारपैकी एका अंगावर स्थिर होतं. दोन्ही टोकं गोल असल्याने त्यांवर उभं राहत नाही. माणसाने फासा बनवण्याआधी निसर्गानेच तो बनवून ठेवला होता म्हणा ना. ग्रीक लोक याला 'अस्त्रागालोस' म्हणत. त्याच्या चार अंगांना त्यांनी १, ३, ४ आणि ६ अशा किमती दिल्या होत्या. समोरासमोरच्या अंगांची बेरीज सात. २ आणि ५ नाहीतच. (शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. व्यासांच्या महाभारतात ती नाही, लोककथांतून आलेली आहे. पण हाड आणि फासा यांची सोयरीक लोकांच्या मनात किती जुनी आहे, ते त्यातून कळतं.)

दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासी पॉसानियस याने बुरा नावाच्या गावाजवळच्या हेराक्लिसच्या गुहेचं वर्णन केलं आहे. मूर्तीपुढे अशी पुष्कळ हाडं ठेवलेली असत. भक्ताने प्रार्थना करायची, त्यातली चार उचलायची आणि मेजावर टाकायची. कुठल्या दानाचा अर्थ काय, ते तिथे लिहून ठेवलेलं असे. पुजाऱ्याचीही फारशी गरज नाही, सेल्फ सर्व्हिस!

याहून मोठा प्रकार आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेला, अंतल्याच्या मागच्या डोंगराळ भागात सापडला. क्रेम्नासारख्या शहरांत भर बाजारात दगडी खांब उभे होते. बहुतेक दुसऱ्या शतकातले. खांबावर एक लांबलचक तक्ता कोरलेला. पाच हाडं टाकायची (किंवा एकच पाचदा), आलेले आकडे तक्त्यात शोधायचे. प्रत्येक ओळीत पाच आकडे, त्यांची बेरीज, एका देवाचं नाव, आणि खाली काही काव्यपंक्तींत सल्ला: प्रवासाला निघ, आत्ता थांब, आजारी माणूस बरा होईल, ह्या व्यवहारात पडू नकोस. प्रश्न आपल्यासारखेच, धंद्याचे, दुखण्याचे आणि गाव सोडण्याचे.

त्या तक्त्यात ओळी किती? छप्पन्न. इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. चार अंगांची पाच हाडं, क्रम धरायचा नाही, तर वेगवेगळी दानं होतात बरोबर ५६. एक कमी नाही, एक जास्त नाही. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे चोख मोजून काढलं होतं. आणि ते मोजणं भागच होतं. देवाने जे दान टाकलं त्याची ओळच खांबावर नसेल तर काय करणार? आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक केस लिहिलेली पाहिजे, प्रोग्राम मध्येच गप्प बसून चालणार नाही.

पण त्यांनी जे मोजलं नाही ते मला जास्त विचित्र वाटलं. इथल्या हलाल खाटकाला विचारून मी घोट्याची पाच हाडं आणली, उकळून, घासून स्वच्छ केली. (बायकोची सक्त ताकीद: फराळाच्या डब्यांच्या आसपास ही दिसता कामा नयेत.) माझी नऊ वर्षांची मुलगी आणि मी एक अख्खी पावसाळी रविवार दुपार ती टाकत बसलो. ती गणिताच्या वहीत रेघा ओढत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, वन आणि सिक्स येतच नाहीत!" बरोबर आहे. हाडाची दोन अंगं रुंद आहेत, दोन अरुंद. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत ढोबळ हिशोब असा देतात की, दहा वेळा टाकलं तर ३ आणि ४ साधारण चार-चारदा, १ आणि ६ साधारण एकेकदा. आमच्या वहीतल्या रेघाही त्याच वाटेने गेल्या.

आता हा हिशोब त्या खांबाला लावून बघा. तीन चौके आणि दोन तिऱ्या हे दान सुमारे दहात एकदा पडतं. तीन तिऱ्या आणि दोन चौके, तेही तितकंच. म्हणजे दर पाच माणसांतल्या एकाला या दोनच ओळींतलं उत्तर मिळणार. उलट पाचही एक्के पडण्याची शक्यता लाखात एक! रोज दहा माणसं आली तरी ती ओळ सरासरी सत्तावीस वर्षांतून एकदा कामाला येणार. पण खांबावर तिला जागा इतरांइतकीच, अक्षरं तेवढीच, देव तितकाच मोठा. अशा खांबाशेजारी रोज बसणाऱ्या दुकानदाराला हे दिसलं नसेल? मला वाटतं दिसलं असणार. पण 'हे दान कितीदा पडतं' हा प्रश्न विचारणं म्हणजे टाकणारा कुणी नाहीच असं धरून चालणं. ज्याला देव बोलतोय असं वाटतं तो देवाच्या बोलण्याची सरासरी काढत नाही.

आपल्याकडे फाशांची सुरुवात हाडाने नाही, फळाने होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचं आहे. बायको गेली, सासू तिटकारा करते, तरी पाय द्यूतगृहाकडे वळतात. त्याचे 'अक्ष' म्हणजे बेहड्याची फळं. त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा. त्याला चौकोनी बाजू नसतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते राशीतून मूठभर उचलून चार-चारने मोजत. काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कली. चारने भागून बाकी पाहायची, बस्स. युगांची नावं आली ती या दानांवरून. आपण उठसूट ज्या कलियुगाला शिव्या देतो ते मुळात हरणारं दान आहे! हा खेळ यज्ञातही होता. राजसूयात राजाच्या हाती फासे देण्याचा विधी होता.

नलाची गोष्ट इथे आठवते. द्यूतात सगळं हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत राजा बेहड्याच्याच एका झाडाकडे पाहून सांगतो की, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नल रथ थांबवून फळं मोजतो, आकडा बरोबर निघतो, आणि तो राजाकडून ती विद्या, 'अक्षहृदय', शिकतो. त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात या गोष्टीकडे लक्ष वेधलं आहे. झाडाचा अंदाज बांधणं आणि फासे जिंकणं ही एकच विद्या, असं महाभारतकाराला वाटत होतं, हे खरंच चकित करणारं आहे.

फाशांवरून भविष्य सांगण्याची आपली जुनी पोथी सापडली मात्र भारताबाहेर. १८८८ साली काराकोरमच्या वाटेवर अँड्र्यू डालग्लिश नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला. मारेकऱ्याच्या मागावर लेफ्टनंट हॅमिल्टन बॉवर याला पाठवलं गेलं. तो १८९० मध्ये चिनी तुर्कस्तानातल्या कुचा गावी पोहोचला, तेव्हा एका स्थानिक माणसाने त्याला भूर्जपत्रांवरची एक जुनी पोथी विकली. ती कलकत्त्याला गेली, रुडॉल्फ हॉर्नले यांनी वाचली, आणि एकदम खळबळ उडाली. संस्कृत, तीही पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची! तिच्यात आयुर्वेद आहे (लसणाचं कौतुक तर भरपूर आहे), सापाच्या विषावरचे मंत्र आहेत, आणि फाशांवरून शकुन पाहण्याच्या दोन पुस्तिका आहेत. आज ही पोथी इथे ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. माझ्या ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर!

या पद्धतीला 'पाशककेवली' म्हणतात. गर्गमुनींच्या नावावरही याच नावाचा ग्रंथ आहे. अल्ब्रेख्ट वेबर यांनी १८५९ मध्ये त्यावर लिहिलं होतं. फासा आपला लांबट, बोटाएवढा, चार बाजूंचा. तीन वेळा टाकायचा आणि आकडे आले त्याच क्रमाने घ्यायचे. १-२-३ निराळं, ३-२-१ निराळं. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट दानं, चौसष्ट उत्तरं. त्याच आकड्यांची उलटसुलट दानं बॉवर पोथीत एका नावाखाली एकत्र ठेवली आहेत, पण प्रत्येकाचं फळ वेगळं सांगितलं आहे.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलोच. कारण क्रम धरला की सगळ्या ओळी समान होतात! फासा चारही बाजूंनी सारखा असेल तर चौसष्टपैकी कुठलंही उत्तर मिळण्याची शक्यता अगदी सारखी. ग्रीक खांबावर लाखात एकाला मिळणारी ओळ होती. इथे तसं काही नाही, आणि राजाला आणि कुंभाराला तीच चौसष्ट दारं सारख्याच अंतरावर. हे मुद्दाम केलं की सहज झालं, यावर मी पैज लावणार नाही. पण हिशोब असा आहे खरा.

ही पद्धत व्यापाऱ्यांबरोबर आणि भिक्षूंबरोबर रेशीममार्गाने पुढे गेली. दुनहुआंगच्या गुहांमधल्या बंद केलेल्या ग्रंथकोठडीत तिबेटी भाषेतल्या अशाच फासे-पोथ्या सापडल्या. चिनी भाषेतली एक पोथी तर चक्क महेश्वराच्या नावावर आहे. वेरूळला पार्वतीकडून हरणारा आमचा शंकर तिथे चिन्यांना भविष्य सांगतोय! आणि 'इर्क बितिग', म्हणजे शकुनांचं पुस्तक, हे जुन्या तुर्की भाषेतलं. १९०७ साली ऑरेल स्टाइनने ते दुनहुआंगहून आणलं, आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. तळहाताएवढी वही, पासष्ट शकुन, प्रत्येकाच्या डोक्यावर तीन दानांची गोल टिंबं. चौसष्टऐवजी पासष्ट कसे? लिहिणाऱ्याकडून काही दानं दोनदा आली, काही सुटली. डेटा एंट्रीची चूक, हजारेक वर्षांपूर्वीची. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. शकुन गवताळ रानातले आहेत, घोडे, उंट, ससाणे, तंबू. आणि शेवटी हे चांगलं की वाईट ते सांगून टाकलेलं. हे पुस्तक बहुधा ९३० मधलं. त्याच्या अखेरीस लिहिणारा म्हणतो की हे पुस्तक चांगलं आहे, आणि तरीही ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या हाती आहे. निदान अभ्यासक त्या वाक्याचा असा अर्थ लावतात.

आफ्रिकेत शिरलो तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगतो, नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या 'इफा' पद्धतीत ताडाच्या बियांनी एक-दोन अशा खुणा करत २५६ चिन्हं बनतात, आणि प्रत्येकाखाली शेकडो कवनं पाठ असतात. २५६, म्हणजे बरोबर एक बाइट! युनेस्कोने २००५ मध्ये या परंपरेचा गौरव केला. आपल्याकडचं रमल त्याच्या चुलत घराण्यातलं. अरबीत 'रम्ल' म्हणजे वाळू. वाळूवरच्या खुणा भारतात येऊन दोन सळ्यांत ओवलेल्या आठ फाशांवर गेल्या. त्यात चिन्हं सोळा.

मग 'कितीदा पडतं' हे पहिल्यांदा विचारलं कुणी? दहाव्या शतकात कँब्रेचा बिशप विबोल्ड याने पाद्र्यांसाठी फाशांचा एक सात्त्विक खेळ काढला. सहा बाजूंचे तीन फासे, प्रत्येक दानाला एक सद्गुण. दानं किती? पुन्हा छप्पन्न! पाच हाडं असोत की तीन चौकोनी फासे, योगायोगाने आकडा तोच येतो. पुढे तेराव्या शतकातल्या 'दे व्हेतुला' या लॅटिन काव्यात कुणीतरी एक पाऊल पुढे टाकलं. छप्पन्न दानं खरी, पण ती पडण्याचे मार्ग २१६, आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखे मार्ग येत नाहीत. बेरीज दहा यायला सत्तावीस मार्ग, तीन यायला एकच. आज शाळेतलं पोर हे करतं. पण अनातोलियातल्या खांबांपासून इथपर्यंत यायला हजारावर वर्षं गेली. नंतर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांची अर्धवट राहिलेल्या डावाच्या वाटणीवरून झालेली पत्रं, आणि तिथून विमा, हवामान, आमचे सगळे अल्गोरिदम.

आठ दिवसांनी बाबांचा फोन आला. मी माफी मागणार तेवढ्यात तेच म्हणाले, "अरे, मला त्याच्या तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं आणि त्याला माझ्या. तू आकडे पाठवायचास, ते आम्हा दोघांनाही पाठ होते." पुढे थोडं थांबून म्हणाले, "डावा पडला असता तर तो विकायला तयार होता. तसं त्याने गाऱ्हाण्यातच कबूल केलं होतं, चार लोकांदेखत." माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा देवळात गुरवांना भीत भीत विचारलं, "आजोबा, कुठल्या बाजूची पाकळी आधी लावता?" कारण आधी लावलेली आधी सुकणार, आधी पडणार, हे इंजिनिअरच्या डोक्यातून जाईना. म्हातारा हसला आणि ओले दोन्ही हात पुढे करून दाखवले. "दोनीय एकदम."

घर राहिलं. कौल मिळाला, आता कौलं बदलायची आहेत. पश्चिमेकडच्या पाख्याची निम्मी फुटलीत. काकांनी अंदाजपत्रक पाठवलं आहे, आणि माझ्या वाट्याचा आकडा मी शीटमध्ये भरला आहे. यंदा पाडव्याला मुलीला ती पाच हाडं पुन्हा हवी आहेत. बायकोने फक्त तेवढ्या दिवसापुरती परवानगी दिली आहे, तीही फराळाचं टेबल सोडून.